आतल्या पाण्याची होडी

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

काल भाऊबीज झाली. पाहुणे सकाळच्या एसटीने गेले आणि दुपारी खाडीतले माझे सोबती चाचा आले. चाचा, मी आणि मुंबईहून दिवाळीला आलेला भाचा, तिघांनी मिळून होडी मांडवाखालून अंगणात ओढली आणि दोन ओंडक्यांवर पालथी घातली.

चौदा फुटांची होडी, पोटात साडेतीन फूट रुंद. माणसं पैलतीराला पोचवायची म्हणून बांधलेली, तरीवरची. समुद्रात ती कधी गेली नाही आणि मला न्यायचीही नाही. मला ती आतल्या खाडीसाठी हवी आहे. भारजा नदी मंडणगडच्या डोंगरांतून उतरते आणि तिच्या शेवटच्या टप्प्यात समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा वर चढतं. आमचं गाव केळशी म्हटलं की लोकांना पुळण आठवते, महालक्ष्मीचं देऊळ आठवतं, याकूब बाबांचा दर्गा आठवतो. तिवरांच्या मागून शेतांच्या बांधांपर्यंत गेलेले अरुंद फाटे मात्र गावातल्या पोरांनीही पाहिलेले नाहीत. माशांचं लहानपण त्या फाट्यांत जातं. तिथे पोचायचं तर इंजिनाची मोठी होडी कामाची नाही आणि चिखलातून चालत जाणंही शक्य नाही. अशीच लहान, हलकी, पाण्यात कमी बसणारी होडी लागते.

चाचांनी हातोडीच्या दांड्याने एकेक फळी वाजवून पाहिली. चांगली फळी टणकन बोलते, खाल्लेली बद्द वाजते. तळाच्या दोन फळ्या बद्द. चाकूच्या टोकाने खरवडल्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली. किडा अगदी लहान असताना लाकडात शिरतो आणि आतल्या आत वाढतो, म्हणून बाहेरून काही कळत नाही. चाकू दाबला तसा अर्धं पातं आत गेलं. आत बोट जाईल अशा वाटा, त्यांना शिंपीच्या कवचासारखं पांढरं अस्तर. हा किडा खरा तर शिंपल्यांच्याच कुळातला. गोड्या पाण्यात तो जगत नाही. चाचा म्हणाले, "पूर्वी पावसात होडी वर नदीत नेऊन ठेवायचे ते उगाच नाही."

नव्या फळ्यांसाठी लाकूड घरात आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि एका दुपारीत आमच्या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळी मधोमध मोडल्या, माड पडले, आमच्या परसातला आजोबांच्या हातचा फणस मुळासकट उलथला. त्याच्या कापून घेतलेल्या फळ्या तेव्हापासून माळ्यावर सावलीत वाळताहेत. पिवळ्याच्या आता तांबूस झाल्या आहेत, कुठे चिरलेल्या नाहीत.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पाऊस. कार्तिकात असा पाऊस म्हणजे घात आहे. कापलेलं भात शेतात पसरलेलं, आणि वरून ही धार. सकाळी शेजाऱ्यांच्या खळ्यावर जाऊन पेंढ्या आत घेऊ लागलो. काही भाऱ्यांच्या तळाशी दाण्यांना मोड आलेत. होडीवर ताडपत्री टाकली आणि तो विषय आज बाजूला ठेवला.

संध्याकाळी चाचा चहाला थांबले, तेव्हा त्यांनी आजोबांच्या होडीची गोष्ट सांगितली. तिच्यात एकही खिळा नव्हता. फळ्यांच्या कडांना भोकं पाडून काथ्याच्या दोरीने ती शिवलेली होती. वाळूच्या दांड्यावर आपटली तर शिवलेली होडी जराशी लवते, खिळ्यांची होडी तडकते. याच वर्षी मे महिन्यात अशीच शिवलेली एक मोठी नौका नौदलाने कारवारला आपल्या ताफ्यात घेतली. कौंडिण्य तिचं नाव. गोव्यात केरळातल्या कारागिरांनी ती बांधली आणि नमुना घेतला तो आपल्या अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून. मोबाइलवर तिचे फोटो दाखवले. चाचांनी फोटो मोठा करून टाक्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "टाका बरोबर घातलाय."

आमच्या होडीला मात्र तांब्याचे खिळेच. शिवायला बसणारा माणूस आता या किनाऱ्यावर कुठून आणायचा?

२ नोव्हेंबर, रविवार, कार्तिकी एकादशी

ऊन पडलं. सुतारमामा सकाळीच आले.

फणसाची फळी नुसती वाकत नाही. मामांनी अंगणात पालापाचोळा आणि सोडणं पेटवून मंद आच केली, फळी दोन दगडांवर आडवी ठेवली आणि वरून ओली गोणपाटं टाकली. खालून ऊब, वरून वाफ. फळीच्या टोकाला दगड टांगला. अर्ध्या तासाने ते टोक वीतभर खाली आलेलं होतं आणि लाकडाला एकही चीर नव्हती. मग तिघांनी ती गरम असतानाच उचलून होडीच्या पोटाला लावली आणि शिकंज्यात आवळली. थंड होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं मामांनी बजावलं आणि ते विडी ओढायला माडाखाली जाऊन बसले.

तळाला बाहेरून दोन लांब पट्ट्या ठोकायच्या ठरल्या, नाळेपासून मागपर्यंत. चिखलावर ओढताना आणि चिपीच्या मुळांवरून घासत जाताना झिजतील त्या पट्ट्या, फळ्या नाहीत. झिजल्या की बदलता येतात.

आज घरात उपास, तरी मामांना नारळाच्या दुधातली साबुदाण्याची खीर भरपूर वाढली.

५ नोव्हेंबर, बुधवार, त्रिपुरी पौर्णिमा

यंदाच्या साऱ्या पौर्णिमांत आज चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ. म्हणजे उधाण मोठं, आणि जेवढी भरती मोठी तेवढी सुकतीही खोल. पहाटे साडेपाचला खाडीवर गेलो. खाडीचा तळ बघायचा तर तो असाच दिवस निवडावा लागतो.

किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ घड्याळाआधी तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. छापील कोष्टकाशी थोडी मागेपुढे होते, पण होडी कधी सोडायची हे ठरवायला एवढं पुरतं. भरतीनंतर सहा तासांनी सुकती. रोज हे चक्र पाऊण तासाने पुढे सरकतं.

पाणी उतरल्यावर खाडी वेगळीच दिसते. भरतीला जिथे एकसलग चकाकतं पाणी असतं, तिथे आता नागमोडी वाट उघडी पडलेली, तीसुद्धा बाहेरच्या वळणाला खोल आणि आतल्या वळणाला उथळ. आतल्या अंगाला चिखलाची पाठ, तिच्यावर निवट्या उड्या मारताहेत. होडीची वाट नेहमी बाहेरच्या वळणाने घ्यायची, हे चाचांचं सांगणं तिथे उभं राहिल्यावर आपोआप पटतं. वेगाचं पाणी बाहेरच्या काठाला खणतं आणि मऊ गाळ आत टाकतं.

खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला आणि तिचा संबंध १५२४ सालच्या त्सुनामीशी जोडला. त्याच वर्षी वास्को द गामाच्या ताफ्याला दाभोळच्या बाजूच्या समुद्रात वाऱ्याशिवाय उसळलेल्या लाटांनी हादरवलं होतं, असं पोर्तुगीज बखरींत आहे. पाणी काय काय आणून टाकू शकतं याचा हा पुरावा आपल्या गावात आहे. शाळेतल्या मुलांना तो वर्गाबाहेर आणून दाखवला पाहिजे.

मागे फिरताना चिपीच्या झाडांखालून आलो. चिखलातून वर आलेली तिची मुळं हाताएवढी उंच आणि टोकदार, पाय ठेवायला जागा नाही. महाराष्ट्राने २०२० साली पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्ष ठरवलं. मुळांच्या या दाटीत बोय, तांबोशी, कोळंबी यांची पिल्लं मोठ्या माशांपासून लपतात. तिथे जाळं फिरत नाही आणि फिरूही नये.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फटी भरून झाल्या. कापसाची वात उंडीच्या कडू तेलात भिजवायची, बोथट छिन्नीने फटीत ठासायची, वरून तेलात उकळलेली राळ. बाहेरून डांबर, आतून पुन्हा उंडीचं तेल, दोन हात. पुळणीच्या कडेला उंडीची झाडं आपल्याकडे आहेत म्हणून हे तेल मिळतं. त्याचा वास उग्र असतो, पण लाकूड पितं आणि कीड दूर राहते. घरातल्यांनी वासाबद्दल कुरकुर केली, ती रास्त आहे.

आज आतली मांडणी ठरवली. तरीच्या होडीत माणसं बसवायला तीन आडव्या फळ्या होत्या. मधली काढली. पाग मारणाऱ्याला पाय फाकून उभं राहायला सपाट जागा लागते आणि उभं राहायचं ते नाळेपासून थोडं मागे, अगदी टोकाला नाही. टोकाला उभं राहिलं की मागची बाजू उचलली जाते आणि होडी वळते. तिथे तळावर पोफळीच्या रिपांची जाळी बसवली. पाणी खाली राहतं, पाय कोरडे, घसरत नाही.

मामांना एकच गोष्ट परत परत सांगितली: आत कुठेही खिळ्याचं डोकं वर नको, कड टोकदार नको. पाग फेकताना जाळ्याचा एक धागा खिळ्यात अडकला की जाळं उघडतच नाही, आणि हिसका बसून माणूस पाण्यात जातो. मामांनी सगळ्या कडा कानसून गोल केल्या. मी डोळे मिटून तळवा फिरवून पाहिला.

वल्ही सात फुटांची, होडीच्या रुंदीच्या दुप्पट. खुंट्याला काथ्याची कडी. लोखंडी कडी खडखडते आणि तो आवाज फळीतून थेट पाण्यात उतरतो. अरुंद फाट्यात वल्ही पसरायला जागा नसते, तिथे बारा फुटांचा बांबू. त्याच्या एका टोकाला फणसाचा त्रिकोणी तुकडा ठोकला म्हणजे ढकलताना तो चिखलात रुतत नाही. दुसरं टोक तासून अणकुचीदार ठेवलं. मासे धरताना ते चिखलात रोवायचं आणि होडी त्यालाच बांधायची. नांगर टाकला की तो गाळ ढवळतो. खोल पाण्यासाठी मात्र दोरीला बांधलेला एक दगड आहे.

भाच्याने फोनवर पुन्हा विचारलं, "मामा, छोटं इंजिन बसवू या ना? पैसे मी देतो." प्रेमानेच म्हणतोय. त्याला सांगितलं, बाहेरच्या खाडीत, वाऱ्यापावसात, रोजच्या पोटासाठी जाणाऱ्याला इंजिन हवंच. वल्ही मारून मारून खांदे गेलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना कोणी उपदेश करू नये. पण आतल्या फाट्यांत दीड हात पाण्यात पंखा गाळ उपसतो आणि मुळांत अडकतो. आवाजाने बोयींचा थवा आधीच उधळतो. आणि आपल्याला तिथे घाई कशाची? भरती वर नेते, सुकती खाली आणते. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मग मला वल्हवायला शिकव."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल अमावास्या गेली, आज मार्गशीर्ष प्रतिपदा. पाणी अजून उधाणाचंच. पूर्ण भरती पाऊणच्या सुमारास, आणि चाचांना जुम्म्याच्या नमाजाला जायचं. म्हणून भरती पुरी व्हायची वाट न पाहता बाराच्या आधीच होडी लोटली. आईने नाळेला हळदकुंकू लावलं, मी नारळ वाढवला, चाचांनी बिस्मिल्ला म्हणून पहिला हात घातला. ओंडक्यांवरून ती अलगद उतरली.

लगेच दोन ठिकाणांहून पाणी आत यायला लागलं. मी डबा घेतला तसं चाचांनी थांबवलं. "पिऊ दे तिला. लाकूड फुगलं की तोंड आपोआप मिटेल." दोरी तिवराला बांधून ते नमाजाला गेले. संध्याकाळी पाहिलं तर तळाशी चार बोटं पाणी. सगळं उपसून काढलं आणि रात्री कंदील घेऊन परत गेलो, तेव्हा फळ्यांच्या जोडांवर नुसती ओल होती.

रिकामी असताना ती पाण्यात चार बोटं बसते. दोघं चढलो तरी वीत भरत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, अष्टमी

भांगाचं पाणी. चढही कमी, ओढही कमी, गरवायला असाच दिवस बरा. संध्याकाळी सहाची भरती, म्हणून तीनला निघालो. भाचा शनिवार-रविवार जोडून आला आहे. त्याला वल्ह्यांवर बसवलं. आधी होडी गोल फिरली, मग तिरकी गेली. दोन्ही हात सारखे ओढायचे आणि पात पाण्यात खोल बुडवायची नाही, हे कळल्यावर ती सरळ चालायला लागली.

पहिल्या फाट्याच्या तोंडाशी बांबू रोवला. चाचांनी पाग खांद्यावर घेतला, एक कड दातांत धरली आणि कमरेतून वळून फेकला. जाळं हवेत परातीएवढं गोल झालं आणि शिशाच्या गोळ्या एकदमच पाण्याला लागल्या. त्या एकदम लागल्या पाहिजेत. एक बाजू आधी पडली तर बोय दुसऱ्या बाजूने उडी मारून निघून जाते. बोय गरीला सहसा लागत नाही, चिखलावरचं शेवाळ आणि सडका पाला चाटून जगणारा मासा तो. त्याला पागच. या पागाचा आस मी मुद्दाम मोठा घेतला आहे, अंगठा आरपार जाईल एवढा. जाळ्यात आलेल्या बोटभर बोयी त्यातून सुटून गेल्या. ज्या राहिल्या त्या हातभर होत्या आणि आमच्या दोन घरांच्या कालवणाला पुऱ्या.

नंतर जिवंत कोळंबी लावून गरी टाकली, मुळांच्या कडेला, सावलीत. सूर्य मावळतीला जात असताना दोर ताठला. तांबोशी. लागली की ती सरळ मुळांकडे पळते आणि दोर कापते. चाचांनी बांबू उपटला आणि होडीच मागे घेतली, माशाला उघड्या पाण्यात यावं लागलं. लहान होडीचा हा मोठा फायदा आहे. वर आली तेव्हा अंगावर तांबूस झाक, डोळ्याखाली निळसर रेघ. वीतभराची. या माशाचं मोठं होणं बाहेर खोल समुद्रातल्या खडकांत, इथे फक्त बालपण. सोडून दिली. भाचा हळहळला, पण सोडताना तिला पाण्यात धरून ठेवायचं काम त्यानेच केलं आणि ती हातातून निसटली तेव्हा हसला.

परतताना एक शेंगटी लागली. पावसाळ्यात या जातीचा नर अंडी तोंडात धरून फिरतो आणि पिल्लं सुटी होईपर्यंत काही खात नाही. म्हणूनच ज्येष्ठ-आषाढात मी खाडीत उतरत नाही. १ जून ते ३१ जुलै ही सरकारी बंदी यांत्रिक नौकांना आहे, वल्ह्यांच्या होडीला नाही. कायदा मोकळीक देतो, तरी ती घ्यायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. त्या दिवसांत चढणीचे मासे पोटात गाभोळी घेऊन ओढ्यांतून वर शेतांत शिरतात, आणि लोक दिवे आणि कोयते घेऊन त्यांना बांधावरच गाठतात. मग आश्विनात म्हणतात, ओढ्याला मासाच उरला नाही.

४ डिसेंबर, गुरुवार, दत्तजयंती

मार्गशीर्षातला गुरुवार आणि वर दत्तजयंती, आज घरात मासळीचं नावही नाही. पाग, गरी सगळं घरी ठेवलं आणि नुसती वाट बघायला निघालो. पौर्णिमेचं उधाण, भरती साडेअकराच्या आसपास. आठला सोडलं तेव्हा पाणी चढत होतं. वल्ही जेमतेम लावावी लागली.

मांदिवलीच्या दिशेने जसजसं वर जावं तसं पाणी बदलतं. तोंडाशी तिवर आणि चिपी, पुढे काठावर मारांदीच्या काटेरी झुडपांची दाटी, आणि मग हळूहळू करंज, भेंडी. चाचा दर वळणाला ओंजळीने पाणी चाखत होते. एका जागी त्यांनी मलाही चाखायला सांगितलं. मचूळ. मग वल्हं खोल बुडवून त्याच्या पातीवरचं पाणी चाखलं, ते चक्क खारट. गोडं पाणी हलकं, ते वरून वाहतं आणि खारं खालून नदीत शिरतं. ऑक्टोबरच्या त्या पावसाने गोडं पाणी खालपर्यंत रेटलं होतं, आता खारं परत चढतं आहे. वैशाखापर्यंत ते बरंच वर जाईल, आणि त्याच्यामागून काळुंदर, कोळंबी, चिंबोऱ्या.

दुसऱ्या मोठ्या वळणानंतरचा डावीकडचा फाटा जवळजवळ मिटला आहे. चाचा तरुण असताना तिथून भाताची पोती भरलेली होडी जायची. आज आमची रिकामी होडी उधाणाच्या भरतीलासुद्धा तळ घासत गेली. बांध फुटून शेतातली माती उतरली आणि काढली कोणी नाही. आत गेल्यावर मात्र बघत राहावं असं पाणी: वरून झाडांची कमान, पोफळीच्या सावलीसारखा गारवा, दोन्ही काठांना बोयींच्या पिल्लांचे थवे. एक मोठा समुद्री गरुड वरून गेला तसे सगळे थवे एकदम खाली बसले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या गरुडांच्या घरट्यांची पाहणी केली, २००२ पासून वेळासला कासवांची अंडी राखली, आणि पुळणीकडे बघायची नवी नजर या पट्ट्याला दिली. आतल्या फाट्यांनाही तशी नजर हवी. त्यासाठी आधी माणसं इथे आली पाहिजेत, आणि त्यांना आणायला असल्या चार-सहा होड्या गावात असल्या पाहिजेत.

सुकती लागली तशी वळलो. मिटत चाललेल्या त्या फाट्यात कुठे किती पाणी आहे हे चाचांनी बांबूने मोजून सांगितलं, मी वहीत आकृती काढली.

७ डिसेंबर, रविवार

उजव्या वल्ह्याची काथ्याची कडी झिजली, नवी वळली. पोफळीच्या दोन रिपा सैल झाल्या होत्या, त्या बांधल्या. तळाच्या पट्ट्यांवर डांबराचा एक हात.

भाच्याचा फोन आला. तो पुढच्या वेळी ऑफिसातल्या दोघांना आणणार आहे. त्यांना पोहता येतं का ते आधी विचार म्हटलं, आणि येत असलं तरी जॅकेट घालायचंच.

१९ तारखेच्या अमावास्येला पहाटेच्या सुकतीत त्या फाट्यावर जायचं ठरलं आहे. जिथे वाट अजून खोल आहे तिच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवायचे, म्हणजे भरतीलाही होडी चुकणार नाही. सुतारमामा येतो म्हणाले. शेतवाल्यांशी बांधाबद्दल बोलायला त्यांच्या घरी उद्या जाईन. चाचांनी बेटातले बारा बांबू तोडून ठेवायला सांगितलेत, फार कोवळे नकोत, तीन पावसाळे बघितलेले.